जुन्या मोटारगाड्यांच्या इंजिनातील इग्निशन टायमिंग

इग्निशन टायमिंग म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा नेमका क्षण. हा क्षण सेकंदांत न मोजता क्रँकशाफ्टच्या कोनात मोजतात. दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, सिलिंडरमध्ये ज्या सर्वोच्च जागी पोहोचतो तिला वरचा मृतबिंदू किंवा टीडीसी म्हणतात. तेथे पोहोचण्यास क्रँकशाफ्ट १० अंश फिरणे बाकी असताना ठिणगी पडत असेल, तर टायमिंग ‘टीडीसीपूर्वी १० अंश’ आहे असे सांगितले जाते. ठिणगी अधिक लवकर पडू देणे म्हणजे टायमिंग पुढे घेणे किंवा ॲडव्हान्स करणे, आणि उशिरा पडू देणे म्हणजे मागे घेणे किंवा रिटार्ड करणे.

आधुनिक मोटारीत हे काम संगणक करतो. सुमारे १९८० पूर्वीच्या बहुतेक मोटारींत मात्र ते डिस्ट्रिब्युटर नावाच्या यांत्रिक भागावर सोपवलेले असते आणि ठरावीक काळाने हाताने जुळवावे लागते. भारतात दीर्घकाळ चाललेल्या हिंदुस्थान ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही मोटारींच्या जुन्या पेट्रोल इंजिनांत हीच व्यवस्था होती. निर्मात्याने पुस्तिकेत दिलेला अंश हा अशा इंजिनासाठी आरंभबिंदू असतो. इंजिनाची झीज आणि टाकीतील इंधन यांचा विचार केल्यावाचून तो जसाच्या तसा लावला, तर पुस्तिकेप्रमाणे बिनचूक असलेले टायमिंगही इंजिनाला घातक ठरू शकते.

ठिणगी आधी का पाडावी लागते

पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये एकदम फुटत नाही, ते जळत जाते. ज्योत स्पार्क प्लगपाशी सुरू होऊन ज्वलनकक्षाच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट थांबून राहत नाही. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या मंद गतीला तो एका सहस्रांश सेकंदात ३.६ अंश फिरतो, तर ३,००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात १८ अंश. दट्ट्या माथ्यावर पोहोचल्यावर ठिणगी पाडली, तर दाब तयार होईपर्यंत तो बराच खाली निघून गेलेला असतो.

सिलिंडरमधील दाबाचा कळस दट्ट्या माथा ओलांडून खाली वळल्यानंतर, सर्वसाधारणपणे टीडीसीनंतर १५ अंशांच्या आसपास यावा, असे मानले जाते. या स्थितीत कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्यात पुरेसा कोन तयार झालेला असतो आणि दाबाचे रूपांतर फिरण्याच्या बलात चांगले होते. कळस या जागी यावा म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते, आणि वेग वाढेल तशी ती आणखी आधी पाडावी लागते. मात्र वेग दुप्पट झाला म्हणून ॲडव्हान्स दुप्पट करावा लागत नाही. वेगाबरोबर सिलिंडरमधील खळबळ वाढते आणि ज्योतही अधिक वेगाने पसरते.

चुकीच्या टायमिंगचे परिणाम

टायमिंग फार मागे असेल तर नुकसान सावकाश होते. इंजिनाचा पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागते आणि घाट चढताना पाणी उकळू लागते. मिश्रण उशिरा जळत असल्याने बाहेर जाणाऱ्या झडपा उघडतात तेव्हाही वायू अतितप्त असतो. ती उष्णता झडपा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांना सोसावी लागते. रेडिएटर गळत नसताना, पंप आणि थर्मोस्टॅट ठीक असताना गाडी तापत असेल, तर टायमिंग तपासणे अगत्याचे असते. पुष्कळदा रेडिएटर दोनदा साफ करून झाल्यावरच ते कोणाच्या तरी लक्षात येते.

टायमिंग फार पुढे असेल तर धोका अधिक मोठा असतो आणि तो कमी जाणवतो. दट्ट्या वर येत असतानाच दाब वाढू लागतो. न जळलेले उरलेले मिश्रण त्या दाबाखाली आणि उष्णतेत ज्योत पोहोचण्याआधी आपोआप पेट घेते. या क्रियेला नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात गोट्या खुळखुळाव्यात असा तिचा आवाज येतो. नॉकिंगच्या दाबलहरींमुळे धातूच्या पृष्ठभागालगतचा तुलनेने थंड वायूचा थर विस्कटतो आणि उष्णता थेट दट्ट्याच्या माथ्यात शिरते. ते दीर्घकाळ चालू राहिले तर माथ्याची कड खाल्ली जाते, रिंगांमधील पट्ट्या तुटतात आणि कधी दट्ट्याला भोक पडते.

यातील फसवा भाग असा की, जागच्या जागी चालणाऱ्या इंजिनाला जास्त ॲडव्हान्स मानवतो. डिस्ट्रिब्युटर हळूहळू पुढे फिरवत नेला की आयडलिंग गुळगुळीत होते, फेऱ्या वाढतात आणि इन्टेक मॅनिफोल्डमधील निर्वातही वाढतो. त्यामुळे केवळ कानाने किंवा व्हॅक्यूम गेज लावून ‘सर्वात छान चालते’ त्या जागी टायमिंग लावले, तर ते भाराखाली सोसवेल त्याहून बरेच पुढे जाते. गॅरेजच्या दारात उत्तम चालणारे इंजिन चार माणसे बसवून चढावर नेले की ठोके देऊ लागते. मोकळ्या रस्त्यावर वेगात तर इंजिन आणि वारा यांच्या आवाजात हे ठोके ऐकूही येत नाहीत.

इतिहास

आरंभीच्या मोटारींत टायमिंग चालकाच्या हातात असे. फोर्ड मॉडेल टी या मोटारीत सुकाणू चक्राखाली दोन दांड्या होत्या, उजवी वेगासाठी आणि डावी ठिणगीसाठी. हँडल मारून इंजिन सुरू करताना ठिणगीची दांडी मागे घ्यावी लागे, आणि वेग आल्यावर पुढे. ती मागे घ्यायचे विसरल्यास दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याआधीच दाब तयार होऊन इंजिन उलट झटका देई आणि हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे. अस्थिवैद्यकात मनगटाजवळील बहिःप्रकोष्ठ हाडाच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला आजही ‘शोफरचा अस्थिभंग’ म्हणतात, ते यावरूनच.

बॅटरी, कॉइल आणि ब्रेकर पॉइंट यांवर चालणारी ज्वलनव्यवस्था अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केली. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती प्रथम बसवली गेली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. त्यानंतर हँडलची गरज हळूहळू कमी झाली. त्या काळी इंजिनातील ठोक्यांचा दोष या नव्या ज्वलनव्यवस्थेलाच दिला जाई. हा आरोप खोडून काढण्याच्या प्रयत्नांतून केटरिंग यांच्या हाताखाली काम करणारे थॉमस मिजली इंधनाच्या अभ्यासाकडे वळले, आणि डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राइथिल लेड हा शिशाचा संयुग पेट्रोलमध्ये मिसळल्यास नॉकिंग थांबते, असे त्यांना आढळले. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १९२३ मध्ये सुरू झाली. त्याच्या आधाराने पुढील पन्नास वर्षे संपीडन गुणोत्तर आणि ॲडव्हान्स दोन्ही वाढत गेले. शिशाचे विष हवेत आणि माणसांच्या रक्तात पसरत गेले, हा त्याच शोधाचा दुसरा परिणाम.

डिस्ट्रिब्युटरची रचना

केटरिंग पद्धतीत बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून आणि बंद असलेल्या पॉइंटमधून वाहतो. कॅमच्या उंचवट्याने पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. पॉइंटला समांतर जोडलेला कंडेन्सर त्यांच्यातील ठिणगी रोखतो. तो बिघडला तर पॉइंट लवकर जळतात.

डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरचा १ अंश म्हणजे क्रँकशाफ्टचे २ अंश. पुस्तिकांमध्ये ॲडव्हान्सचे आकडे कधी एका मापात, तर कधी दुसऱ्या मापात असतात. ते कोणत्या मापातील आहेत हे न पाहिल्याने दुप्पट चूक होणे ही नेहमीची बाब आहे.

वेगानुसार टायमिंग पुढे नेण्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी स्प्रिंगांनी धरलेली दोन वजने असतात. वेग वाढला की केंद्रोत्सारी प्रेरणेने ती बाहेर फाकतात आणि कॅमला दांड्याच्या पुढे ढकलतात. दोन्ही स्प्रिंगा पुष्कळदा मुद्दाम वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. त्यांतील एक सैल दिसली म्हणून ती खराब समजून बदलू नये.

दुसरी व्यवस्था निर्वातावर चालते. बेताच्या वेगाने सपाट रस्त्यावर जाताना थ्रॉटल थोडाच उघडा असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते आणि ते सावकाश जळते, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी असते. अशा वेळी कार्ब्युरेटरजवळचा निर्वात एका पडद्याला ओढून पॉइंटची तबकडी फिरवतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की निर्वात नाहीसा होतो आणि हा वाढीव ॲडव्हान्सही जातो. हा रबरी पडदा फाटलेला असला तरी गाडी चालते, फक्त पेट्रोल जास्त खाते. त्यामुळे अनेक गाड्यांत तो वर्षानुवर्षे फाटलेलाच राहतो. नळी काढून तोंडाने ओढून पाहिल्यास तबकडी हलते की नाही, हे लगेच कळते.

टायमिंग लावण्याची पद्धत

पुढील वर्णन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतील चार सिलिंडरच्या इंजिनाला धरून आहे. १४८९ घनसेंटिमीटरच्या रूपात हेच इंजिन ॲम्बेसिडरमध्ये दीर्घकाळ वापरले गेले, आणि १७९८ घनसेंटिमीटरच्या रूपात एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीत. त्याचा ज्वलनक्रम १-३-४-२ आहे. वरून पाहता डिस्ट्रिब्युटरचा रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो.

सुरुवात टायमिंगपासून करायची नसते. प्रथम टॅपेटचे अंतर, प्लग आणि मुख्य म्हणजे पॉइंट पाहावे लागतात. पॉइंटमधील अंतर बदलले की टायमिंग आपोआप बदलते. अंतर वाढवले तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजून अंतर कमी झाले तर ते मागे येते. म्हणून आधी टायमिंग आणि मग पॉइंट लावले, तर पहिले काम फुकट जाते. ल्युकस कंपनीच्या २५डी या डिस्ट्रिब्युटरसाठी हे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना ते फिलर गेजने मोजतात. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसरीला टेंगूळ झाले असेल, तर फिलर गेज टेंगळावर टेकते आणि खरे अंतर दाखवत नाही. अशा वेळी नवे पॉइंट घालणे किंवा ड्वेल मीटरने पॉइंट किती अंश मिटलेले राहतात हे मोजणे बरे. या डिस्ट्रिब्युटरसाठी तो कोन ६० अंशांच्या जवळपास असतो. ड्वेल १ अंशाने वाढला की टायमिंग क्रँकशाफ्टच्या सुमारे १ अंशाने मागे येते.

त्यानंतर पहिल्या सिलिंडरची संपीडन धाव शोधतात. चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच ठिणगी लागते. पुलीवरची खूण मात्र दोन्ही फेऱ्यांत निशाणासमोर येते. पहिला प्लग काढून भोकावर बोट ठेवावे आणि इंजिन हाताने फिरवावे. हवा बोटाला ढकलू लागली की ती संपीडन धाव. वरचे झाकण काढलेले असेल तर चौथ्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा एकाच वेळी हलताना दिसतात, तीही खात्रीची खूण. उलट धावेवर टायमिंग लावल्यास इंजिन सुरू होत नाही, कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून बार उडतात.

आता इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवत खूण इच्छित अंशावर आणतात. खूण ओलांडली गेली तर थोडे मागे घेऊन पुरत नाही. बरेच मागे नेऊन पुन्हा पुढे आणावे लागते, नाहीतर टायमिंग साखळीतील ढिलाई मापात शिरते. बी-मालिकेच्या अनेक इंजिनांत पुलीखाली झाकणावर तीन टोके असतात. लांब टोक टीडीसीचे, उरलेली दोन ५ आणि १० अंशांची. ही टोके खालच्या बाजूस असल्याने धुळीत आणि तेलात हरवलेली असतात. ती पुसून खाचेत पांढरा रंग भरला की पुढचे काम सोपे होते.

स्थिर पद्धतीत एक साधा १२ व्होल्टचा बल्ब पुरतो. त्याची एक तार कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टोकाला आणि दुसरी गाडीच्या सांगाड्याला जोडतात. चावी फिरवल्यावर पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला राहतो, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटरची पकड ढिली करून तो आधी रोटरच्या दिशेने बल्ब विझेपर्यंत फिरवावा, मग उलट दिशेने अगदी सावकाश आणावा. बल्ब पेटतो तो क्षण म्हणजे ठिणगीचा क्षण. तेथेच पकड आवळावी. आवळताना डिस्ट्रिब्युटर किंचित सरकतोच, म्हणून इंजिन पुन्हा दोन फेऱ्या फिरवून बल्ब खुणेवरच पेटतो का, ते पाहावे. १९६० च्या दशकातील पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. बल्बाला धन-ऋण यांचा फरक नसल्याने ही पद्धत तेथेही चालते. इलेक्ट्रॉनिक उपकरणे मात्र उलटी जोडल्यास जळतात.

गतिमान पद्धतीत टायमिंग लाइट वापरतात. पहिल्या प्लगच्या तारेतून वीज गेली की हा दिवा क्षणभर चमकतो, आणि फिरती खूण डोळ्याला स्थिर भासते. निर्वाताची नळी सामान्यतः काढून तिचे तोंड बंद करतात, आणि फेऱ्या पुस्तिकेत सांगितल्याइतक्याच ठेवतात. एमजीबीच्या आरंभीच्या उच्च संपीडनाच्या इंजिनाला स्थिर पद्धतीने १० अंश, तर ६०० फेऱ्यांना दिव्याने १४ अंश सांगितलेले आहेत. हा विरोध नसून ६०० फेऱ्यांना वजने फाकू लागलेली असतात, एवढाच त्याचा अर्थ. या दिव्याच्या प्रकाशात पंख्याची पातीही थांबल्यासारखी किंवा संथ फिरल्यासारखी दिसू शकतात. त्या भासाने हात पुढे केल्याने बोटे गमावण्याची वेळ येऊ शकते, म्हणून सैल बाह्या, ओढणी आणि लोंबत्या तारा पंख्यापासून दूर ठेवणे आवश्यक असते.

दिवा हाती असताना केवळ मंद गतीला टायमिंग पाहून थांबणे योग्य नाही. फेऱ्या ३,००० च्या वर नेल्यावर खूण सलगपणे पुढे सरकली पाहिजे आणि फेऱ्या कमी होताच परत आली पाहिजे. ती झटक्याने सरकत असेल किंवा परत येत नसेल, तर वजने गंजून अडकलेली असतात. रोटरखाली तेलाचे काही थेंब वेळच्या वेळी न घातल्याचे ते फळ. पुलीवर १० अंशांपुढे खुणा नसल्यास त्या स्वतः आखता येतात. १३० मिलिमीटर व्यासाच्या पुलीच्या कडेवर १० अंश म्हणजे सुमारे ११.३ मिलिमीटर. अशा इंजिनांत वजनांसह एकूण ॲडव्हान्स बहुधा ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान येतो, आणि भाराखाली इंजिनाचे बरेवाईट या आकड्यावर ठरते. काही इंजिनांच्या पुलीत आतील आणि बाहेरील कडी रबराने जोडलेली असते. ते रबर सुटून बाहेरची कडी सरकली की खूणच खोटी ठरते. म्हणून संशय असल्यास खरा टीडीसी दट्ट्यावरून शोधून काढावा लागतो.

शेवटची कसोटी रस्त्यावर होते. तापलेल्या इंजिनाची गाडी टॉप गिअरमध्ये कमी वेगाने चालवून थ्रॉटल एकदम पूर्ण दाबतात. ठोके ऐकू आले तर ते नाहीसे होईपर्यंत टायमिंग एकेक अंश मागे घेतात. ल्युकसच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरवर यासाठी दातेरी कडेची छोटी चकती असते आणि ती फिरवल्यावर टिकटिक ऐकू येते. पकड न सोडता बारीक फरक करता यावा म्हणून ही सोय होती.

इंधन आणि टायमिंग

पुस्तिकेतील अंश त्या काळच्या पेट्रोलसाठी ठरवलेले असतात. नॉकिंगला इंधन किती दाद देत नाही, हे ऑक्टेन अंकावरून कळते. एकाच इंजिनाच्या उच्च आणि कमी संपीडनाच्या आवृत्त्या निरनिराळ्या देशांतील पेट्रोल पाहून निघत आणि त्यांचे टायमिंगही वेगळे असे. परदेशातून आणलेल्या गाडीला तिच्या मूळ देशाच्या पुस्तिकेतील अंश येथे जसाच्या तसा चालेलच असे नाही. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल सर्वत्र बंद झाले. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. इथेनॉलने ऑक्टेन अंक वाढतो, म्हणून नॉकिंगचा धोका कमी होतो. परंतु इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरमधून येणारे मिश्रण विरळ पडते आणि विरळ मिश्रण सावकाश जळते. अशा गाडीत आधी कार्ब्युरेटरचे जेट तपासावे आणि मग टायमिंगला हात लावावा.

इंधनाचा परिणाम मुंबईच्या रस्त्यांवर मोठ्या प्रमाणावर दिसला. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या १०८९ घनसेंटिमीटरच्या पद्मिनी टॅक्सींपैकी बहुतेक पुढे सीएनजीवर आणल्या गेल्या. सीएनजीतील मिथेनची ज्योत पेट्रोलपेक्षा मंद असते, म्हणून ठिणगी काही अंश आधी लागते. त्याचा ऑक्टेन अंक मात्र इतका वरचा असतो की त्या ॲडव्हान्सला इंजिन ठोके देत नाही. तीच टॅक्सी गॅस संपल्यावर पेट्रोलवर चालवली, तर गॅसला अनुकूल असलेला ॲडव्हान्स पेट्रोलला जास्त पडतो. पेट्रोलला सोसेल असा ठेवला तर गॅसवर ओढ कमी पडते. एका डिस्ट्रिब्युटरला दोन्ही इंधनांचे टायमिंग साधता येत नाही. त्यामुळे जे इंधन रोज वापरायचे त्याला झुकते माप देऊन मधला अंश निवडला जाई, किंवा इंधन बदलताच टायमिंग बदलणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण जोडले जाई. या टॅक्सींपैकी शेवटची टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

प्रदूषणाच्या नियमांमुळेही टायमिंग बदलले. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत विकल्या गेलेल्या फोक्सवॅगन बीटलच्या काही इंजिनांना मंद गतीसाठी टीडीसीनंतर ५ अंश असे टायमिंग ठरवून दिलेले होते. पूर्वीच्या बीटलमध्ये ते टीडीसीपूर्वी ७.५ अंश असे. हा आकडा छपाईची चूक समजून ‘पूर्वी’ लावणारे आजही भेटतात. टीडीसीनंतरचा अंश त्या गाडीवरील विशिष्ट डिस्ट्रिब्युटरसाठीच होता. दुसरा डिस्ट्रिब्युटर बसवलेला असेल, तर त्याच्या क्रमांकावरून अंश शोधावा लागतो.

जुन्या गाड्यांचे अनेक मालक आता पॉइंटच्या जागी चुंबकीय संवेदक बसवतात. टाच झिजून टायमिंग मागे येण्याचा प्रकार त्याने थांबतो. वजने, स्प्रिंगा आणि निर्वाताचा पडदा मात्र तेच जुने राहतात, आणि संवेदक बसवल्यावर टायमिंग एकदा नव्याने लावावेच लागते.